दया नको, भाव बोला

दिवाळी जवळ आली की एक उपदेश मोबाइलवर फिरू लागतो. पणत्या विकायला बसलेल्या म्हातारीचं छायाचित्र, आणि त्याखाली प्रश्न: मॉलमध्ये तुम्ही घासाघीस करत नाही, मग या गरिबाशीच का करता? पावसाळ्यात हाच उपदेश भाजीवालीच्या नावानं येतो, उन्हाळ्यात टरबूजवाल्याच्या. आमच्या ऊर्जानगरच्या वसाहतीतही तो मनापासून वाचला जातो आणि पुढे पाठवला जातो. पाठवणारी माणसं भली असतात, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण उपदेश चुकीचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्यानं तर तो मुळीच मान्य करू नये. मोलभाव करण्याची सोय नसली की गरीब कसा नागवला जातो आणि ती सोय हाती आली की काय घडतं, हे दोन्ही इथल्याच जंगलानं पाहिलं आहे.

आधी घासाघीस करतं कोण, ते बघू. उपदेशातली गिऱ्हाईक बाई नेहमी गाडीतून उतरते. तिच्या पर्समध्ये पैसा खुळखुळतो आणि दहा रुपयांसाठी ती गरिबाला छळते. अशा बायका आहेत, नाही असं नाही. पण चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या आसऱ्यानं उभ्या राहिलेल्या या वस्तीत कायम नोकरीवाल्यांची घरं आहेत, तशीच शेजारच्या दुर्गापुरात कंत्राटी कामगारांचीही आहेत. राख, कोळसा, साफसफाई, वाहतूक अशी कामं करणाऱ्याच्या हाती महिन्याकाठी किती येणार, हे निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्या कंत्राटदारानं आधीच ठरवलेलं असतं. त्याची बायको भाजीच्या ढिगाशी उभी राहून 'मावशी, तीसला द्या' म्हणते तेव्हा ती कोणाला लुटत नसते, घरचा महिना जमवत असते. आठवडी बाजारातले बहुतेक व्यवहार श्रीमंत आणि गरीब यांच्यात होतच नाहीत. एक तंगीतला माणूस दुसऱ्या तंगीतल्या माणसाशी बोलत असतो. त्या बाईनं मागेल ती किंमत द्यावी, असं तिला सांगण्याचा अधिकार पगाराची खात्री असलेल्यांना कोणी दिला?

दुसरं, विकणारी बाई भिकारीण नाही. पहिल्या पावसानंतर टेकोडे आणि सात्या घेऊन येणारीला कोणतं अळंबं खाण्याचं, कोणतं विषारी, हे पक्कं ठाऊक असतं. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, कोवळे असताना कधी काढायचे आणि त्यांचा कडवटपणा कसा घालवायचा, हे ती विचारल्यावर सांगते. टेंभरं, चारं, कुड्याची फुलं, तरोट्याची भाजी यातलं काही शेतात पेरून येत नाही. त्यासाठी जंगलात जावं लागतं, आणि या जिल्ह्यात जंगलात जाणं म्हणजे काय ते ऊर्जानगरला समजावून सांगायला नको. २०२२ मध्ये वाघानं वीज केंद्राच्या परिसरातच एका कामगाराचा जीव घेतला. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या आणि तेंदूपानं तोडायला गेलेल्या माणसांवर हल्ला झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्या टोपलीत ज्ञान आहे, मेहनत आहे आणि जिवाची जोखीम आहे. त्याची किंमत ठरायला हवी, आणि ती ठरवण्यात तिचा शब्द चालायला हवा. 'बिचारी आहे, दहा जास्त द्या' म्हणताना आपण तिच्या मालाकडे न बघता तिच्या फाटक्या लुगड्याकडे बघतो. मला हा तिचा अपमान वाटतो.

मोलभावात नेमकं होतं काय? ती साठ म्हणते, मी चाळीस म्हणतो. ती सांगते, आज माल कमी आला, रस्त्यात पाऊस लागला. मी सांगतो, पलीकडे पन्नासला आहे. ती म्हणते, तिकडचे कालचे आहेत, हात लावून बघा. या चार वाक्यांत बाजारातली आवक, मालाचा ताजेपणा, शेजारचा दर आणि दोघांची गरज, सगळं उघड्यावर येतं. दोघांना पन्नास पटतात. किंवा ती 'नाही परवडत' म्हणून तोंड फिरवते, आणि ते तोंड फिरवणं मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्याला तोंड फिरवता येतं, त्याच्याशी कितीही घासाघीस करावी. ज्याला ते फिरवता येत नाही, त्याला सांगेल ती किंमत दिल्यानंही त्याची परिस्थिती बदलत नाही.

मॉलच्या तुलनेचं म्हणाल तर ती तुलनाच फसवी आहे. वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावून ती सगळ्यांना एकाच भावात विकण्याची रीत काही दयेतून जन्माला आलेली नाही. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून 'बाँ मार्शे' या दुकानात ती रुळवली आणि पुढे अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी उचलली. तिचे फायदे खरेच होते. अनोळखी गिऱ्हाइकाला फसण्याची भीती राहिली नाही, लहान मुलालाही दुकानात पाठवता येऊ लागलं. पण दुकानात शेकडो नोकर असले की मालकाला प्रत्येकाच्या हाती भाव ठरवायचा अधिकार देता येत नाही, हेही त्यामागचं कारण होतं. आज मोठ्या साखळी दुकानात आपण घासाघीस करत नाही, कारण ती आपल्या येण्याआधीच उरकलेली असते. दुकानदार कंपनीनं पुरवठादाराला पिळून घेतलेलं असतं आणि पुरवठादारानं शेतकऱ्याला. शेवटच्या टोकाला चकचकीत फळीवर छापील आकडा दिसतो, एवढंच. आणि तो छापील आकडा तरी काय आहे? पाकीटबंद वस्तूवरची एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घेण्याला कायद्याची आडकाठी नाही. तरी ती दगडावरची रेघ मानून आपण मुकाट पैसे मोजतो. विमानाच्या तिकिटाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. तिथे कंपनीचं यंत्र आपल्या गरजेचा अंदाज घेऊन भाव वरखाली करत असतं. आपल्याला मात्र त्याच्याशी एक शब्दही बोलता येत नाही. मॉलमध्ये आपण गप्प बसतो, म्हणून भाजीबाजारातही गप्प बसा, हा युक्तिवाद उलटा आहे. मॉलमध्येही बोलायला शिका, असं का नाही म्हणत?

ठरलेला भाव गरिबाच्या बाजूचा असतो, हा भ्रम तर आमच्या जंगलानं कधीच मोडीत काढला. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यानं वनोपजाच्या व्यापारावर सरकारचं नियंत्रण आलं. हेतू व्यापाऱ्यांच्या लुटीला आळा घालण्याचा होता, हे मान्य. पण झालं काय? तेंदूपानांचे घटक लिलावात ठेकेदाराकडे गेले, आणि पान तोडणाऱ्याच्या हाती शेकडा पुड्यांमागे ठरवून दिलेली मजुरी आली. भर उन्हाळ्यात पहाटे उठायचं, पानं तोडायची, घरातल्या सगळ्यांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते संकलनाच्या फळीवर मांडायचे. फळीवरच्या माणसानं पुडा लहान आहे, पान करपलं आहे, म्हणून बाजूला काढला तर काढला. इथे कोणी घासाघीस करत नव्हतं. भाव पक्का होता. उपदेश करणाऱ्यांना हवा तसाच.

बांबूची गोष्ट याहून मोठी आहे. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ सालची, आणि गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी कराराने तिच्याकडे गेला. असे करार कसे होत, याचा लख्ख दाखला माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातून दिला आहे. तिथल्या कागद गिरणीला सरकार दीड रुपया टनानं बांबू देत होतं आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारात कित्येक पट भावानं घ्यावा लागत होता. गिरणीनं सरकारशी मोलभाव केला होता, बुरुडाला तो करता येत नव्हता. आणि बस्तर-अबुजमाडच्या बाजूला चारोळीच्या वजनाइतकं मीठ देऊन चारोळी नेणारे व्यापारी आजही म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत. चारोळीला शहरात काय मोल आहे, हे देणाऱ्याला माहीत नव्हतं. तिथे कमतरता दयेची नव्हती, माहितीची होती. आणि मिठावाचून घर चालत नसल्यामुळे नाही म्हणण्याची सोयही नव्हती.

तेंदूचे दर पुढे वाढले, त्यात ऐंशीच्या दशकात जंगलात आलेल्या बंदूकधाऱ्यांच्या धाकाचाही वाटा होता. हे लपवून लिहिण्यात अर्थ नाही, आणि त्याचं कौतुक करण्यातही नाही. बंदुकीच्या नळीसमोर वाढवलेला भाव हा मोलभाव नसतो. त्या भावाचा मालक पान तोडणारा होत नाही, बंदूकवाला होतो. त्याची किंमत पुढे गावानंच, आपल्या पोरांच्या जिवानं भरली.

खरा फरक पडला तो वेगळ्या वाटेनं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंडांच्या छोट्या गावानं वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं हे गाव कित्येक वर्षं अभ्यास गटात बसून कायदा वाचत होतं, सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेत होतं. हक्काचा कागद आला, पण बांबू विकता येईना. वाहतूक परवान्याचं पुस्तक वन खात्याकडे होतं आणि परवान्याशिवाय गिऱ्हाइकाला माल नेता येत नव्हता. माल आपला आणि विकण्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. गाव अडून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभेनं स्वतः निविदा काढल्या, व्यापाऱ्यांशी स्वतः भाव बोलला, आणि पहिल्याच हंगामात उलाढाल कोटीच्या घरात गेली. बांबू तोच होता आणि तोडणारे हातही तेच होते. भाव कोण बोलणार, एवढंच बदललं होतं.

हे गाव जर उपदेशाच्या भरवशावर बसलं असतं तर? गिरणीनं दया दाखवून टनामागे चार पैसे वाढवले असते, वर्तमानपत्रात फोटो आला असता, आणि बांबू पुढची पन्नास वर्षंही तसाच गेला असता.

चंद्रपूर जिल्ह्यातलंच पाचगाव घ्या. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. बांबूची तोड, प्रतवारी, लिलाव सगळं ग्रामसभा करू लागली. पण मला या गावाचं सर्वांत मोठं वाटतं ते वेगळं काम. तेंदूपानाचा धंदा त्यांनी बंद केला. पानं मिळवण्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, धरत नाहीत, जंगल खराब होतं, असं त्यांनी ठरवलं आणि हातचा पैसा सोडून दिला. बांबूचं उत्पन्न हाताशी होतं, म्हणून ते हे करू शकले. विकणाऱ्याची ताकद इथे पूर्णपणे दिसते. कोणत्याही भावाला विकायचं नाही, असं तो म्हणू शकतो.

इतक्यात कोणी म्हणेल, ही सारी यशाची गोष्ट झाली, मोलभावात गरीब हरतोही. हरतो, आणि आमच्याकडे हरलाही. २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूचा लिलाव स्वतः करायला घेतला आणि पुढे शेकडो गावं त्यात उतरली. २०१७ च्या हंगामात भाव असे चढले की ज्या घरांनी एवढी रक्कम कधी एकत्र पाहिली नव्हती, त्यांच्या हाती ती आली. पुढच्याच वर्षी ठेकेदारांनी हात आखडता घेतला. भाव कोसळले, काही ठिकाणी पैसे अडकले, आणि सुटी सुटी ग्रामसभा ठेकेदारासमोर एकटी पडली. मोलभावाच्या विरोधकांना हा पुरावा वाटेल. पण गावांनी त्यातून काय शिकून घेतलं, ते पाहावं. कोरची तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभा महाग्रामसभेत एकत्र आल्या. एकेकटं गाव ठेकेदाराच्या दारात जाण्याऐवजी सगळ्यांनी मिळून बसायचं, हिशेब उघडा ठेवायचा, ठेकेदाराशी लेखी बोलायचं. त्यात बायका पुढे आहेत. सरकारकडे ठरावीक भाव परत मागण्यापेक्षा त्यांनी आपली बोलणी पक्की करणं पसंत केलं. मला हा शहाणपणा शहरातल्या कोणत्याही सुविचारापेक्षा मोलाचा वाटतो.

विकणाऱ्याचं बळ वाढलं की घेणाऱ्याचं नुकसान होतं, अशीही एक समजूत आहे. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आले तेव्हाचा रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा अभ्यास याबाबतीत वाचण्यासारखा आहे. मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवरचे भाव विचारू लागले आणि जिथे मागणी तिथे नाव वळवू लागले. त्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली, आणि न विकल्यामुळे समुद्रात फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली. आपल्याकडे जनावरांच्या आणि फळांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. दलालांना सगळं कळे, माल आणणाऱ्या शेतकऱ्याला काही कळत नसे. बाजार समितीच्या कायद्यानं उघड लिलावाचा आग्रह धरला, तो याचसाठी. मोलभाव मोठ्या आवाजात, चारचौघांत व्हावा.

आता समोरच्यांचा सर्वांत बळकट मुद्दा. 'दहा रुपये तुझ्यासाठी काही नाहीत, तिच्यासाठी खूप आहेत.' जो सुस्थितीत आहे त्याच्याबाबत हे खरं आहे, आणि संध्याकाळी शेवटच्या बसची वेळ झालेल्या बाईचा उरलेला माल निम्म्या किमतीत मागणाऱ्याबद्दल मला राग आहे. तो मोलभाव करत नाही, अडचण विकत घेतो. पण मुद्दा इथे संपत नाही, सुरू होतो. तिला सहा वाजता पडेल त्या भावात का विकावं लागतं? कारण सातची बस गेली तर मुक्काम करायला जागा नाही. माल ठेवायला सावलीचा ओटा नाही. सकाळी कोणाकडून तरी उसने घेतलेले पैसे रात्री परत करायचे आहेत. रस्त्याच्या कडेला बसली तर अतिक्रमणवाले उठवतात. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, पण टोपलीवाल्या किती बायकांना तो माहीत आहे? आठवडी बाजारात बसण्याची फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे, आणि बऱ्याच गावांत ती वसुली ठेक्यानं दिली जाते. म्हणजे बोहणीच्या आधीच तिच्या हातून पावतीचे पैसे जातात, आणि बदल्यात तिला पाण्याचा नळसुद्धा मिळत नाही. मी मनातल्या मनात उदार होऊन दिलेल्या दहा रुपयांनी यातलं काय बदलतं? मला मात्र बरं वाटतं, आणि बरं वाटलं की पुढचा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. या उपदेशावर माझा खरा आक्षेप आहे तो हा. तो माणसाला फार स्वस्तात मोकळं करतो.

आणि ऊर्जानगरनं तरी मोलभावाला नावं ठेवू नयेत. हे गाव ज्या विजेवर उभं आहे, तिचा दर कसा ठरतो? महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर महानिर्मिती खर्चाचे आकडे मांडते, महावितरण आपले मांडते, ग्राहक संघटना हरकती घेतात, जाहीर सुनावण्या होतात, आयोग मागितलेल्या रकमेला कात्री लावतो. एवढा मोठा मोलभाव आपल्याच पगाराच्या आणि आपल्याच बिलाच्या पोटात चालू असतो. त्याला कोणी निर्दयता म्हणत नाही, ग्राहकाचा हक्क म्हणतात. टोपलीवाल्या बाईला मात्र सुनावणी नाही, हरकत नाही, आकडे मांडायची जागा नाही. तिच्या वाट्याला आपण सुविचार ठेवला आहे.

ऊर्जानगर आणि दुर्गापूर या दोन्ही ग्रामपंचायतींच्या ग्रामसभांत यावर बोलता येईल. बाजाराच्या जागेवर छपराचे ओटे बांधावेत आणि त्यातले काही रानमेवा, रानभाजी घेऊन येणाऱ्या बायकांसाठी राखून ठेवावेत. मुद्रांकित तराजू बाजारातच उपलब्ध करून द्यावा, म्हणजे ढिगावर आणि वाट्यावर ठरणारा भाव वजनावर ठरेल. बसणावळीच्या वसुलीचा हिशेब फलकावर लावावा, आणि तो पैसा बाजारावरच खर्च व्हावा. गावाकडे जाणाऱ्या बसची शेवटची फेरी बाजाराच्या दिवशी उशिरा ठेवावी, अशी एसटीकडे मागणी करावी. वसाहतीतल्या घरांनी मोहफुलं, चारोळी, मध एकत्र मागणी नोंदवून सरळ ग्रामसभांकडून घ्यावा. त्यांच्याशी भाव बोलावा, नीट आणि कसून बोलावा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर त्यांचा भाव देऊन माल घ्यावा, नाहीतर रिकाम्या हातानं परत यावं.